नवा व्हिडिओ कॅमेरा घेतला, आता शिकवणार कोण? दुकान, हेल्प गाइड, यूट्यूब आणि आमचा शूटिंगवाला दादा, सगळ्यांचा रिव्ह्यू

कॅमेऱ्यांचे रिव्ह्यू नेटवर ढिगाने पडलेत, पण कॅमेरा घरी आल्यावर तो शिकताना मदत कुठे मिळते, कोण खरंच कामाचं सांगतं आणि कोण नुसतं बोलतं, याबद्दल मराठीत फार कोणी लिहीत नाही, म्हणून हे लिहितेय. थोडं लांबेल, पण जे नवीन घेणार आहेत त्यांना उपयोग होईल.

माझा कॅमेरा सोनीचा झेडव्ही-ई१०, सोबत १६-५० एमएमची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच येणारी झूम लेन्स. २०२१ चं मॉडेल आहे, त्याच्यानंतर २०२४ मध्ये मार्क टू पण आला, पण मला जुना पुरेसा होता आणि बजेटमध्ये बसत होता. काम एकच, दशावतार रेकॉर्ड करायचा. माझा मामा एका मंडळात पखवाज वाजवतो, त्यामुळे लहानपणापासून जत्रांमध्ये रात्र रात्र बसून नाटकं बघितलीत. सिंधुदुर्गाबाहेरच्यांसाठी सांगते, देवळासमोर मांडव, मध्ये एक बाकडा, बाजूला पायपेटी, पखवाज, झांज, नाटक सुरू व्हायलाच मध्यरात्र होते, आधी गणपती, रिद्धीसिद्धी, संकासुर हे सगळं आणि मग आख्यान, ते पहाटेपर्यंत. आणि यात लिहिलेली स्क्रिप्ट नसते! कथा ठरलेली, पण संवाद नट उभ्या उभ्या बोलतात, त्यामुळे काल वेंगुर्ल्याकडे झालेलं आख्यान आज कणकवलीकडे त्याच नावाने झालं तरी तेच नसतं. एखादा जुना नट गेला की त्याचं बोलणं त्याच्याबरोबर गेलं. म्हणून हे रेकॉर्ड व्हायला हवं आणि नीट व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. मोबाइलवर लोक करतात पण लांबून चेहरे पांढरेफटक येतात आणि आवाज फाटतो.

तर पहिली मदत म्हणजे दुकान. नाव लिहीत नाही, कोल्हापुरातलं मोठं दुकान आहे. काउंटरवरचा मुलगा बोलायला चांगला होता, बॉक्स समोर उघडला, सिरीयल नंबर बिलाशी जुळवून दाखवला, वॉरंटीचं नीट सांगितलं, त्याबद्दल तक्रार नाही. मग ऑटोवर टाकून बॅकग्राउंड ब्लरचं बटन दाखवलं, वस्तू लेन्ससमोर धरली की फोकस पटकन तिच्यावर जातो ते प्रॉडक्ट शोकेसचं बटन दाखवलं, झालं. मी विचारलं की रात्री ट्यूबलाइटमध्ये पाच-सहा तास सलग शूट करायचंय तर काय सेटिंग ठेवू, तर म्हणाला मॅडम ऑटोवर ठेवा सगळं येतं. आणि वर जो कॉलर माइक दिला त्याची पिन मोबाइलची निघाली, ती बदलून द्यायला बरीच कां-कू केली. हे लक्षात ठेवा, ३.५ च्या पिनवर तीन काळ्या रेघा असतील तर ती मोबाइलची, दोन असतील तर कॅमेऱ्याची, दुकानातच बघून घ्या. बिल, वॉरंटी, एक्सचेंज यासाठी दुकान ठीक, शिकायला नाही, त्यांना रोज विकायचं असतं, रात्रीच्या मांडवाशी त्यांचा काय संबंध.

डब्यात जे पुस्तक येतं ते पातळ असतं, हल्ली सगळ्याच कंपन्यांचं असंच झालंय. खरं मॅन्युअल म्हणजे सोनीच्या साइटवरची हेल्प गाइड, फुकट आहे, मोबाइलवर उघडते, शोधता येतं. आणि ही मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी चांगली निघाली. मेनूतल्या एकेका गोष्टीला वेगळं पान, आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे कुठलं सेटिंग कुठल्या सेटिंगबरोबर चालत नाही ते खाली स्पष्ट दिलेलं असतं. मेनूतलं एखादं ऑप्शन करडं होतं आणि काही केल्या दाबलं जात नाही, तेव्हा यूट्यूबवर अर्धा तास घालवण्यापेक्षा हेल्प गाइडमध्ये ते नाव टाका, उत्तर मिळतं. कार्डाचं पण तिथेच कळलं, ४के मध्ये १०० एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट डेटा लिहीत शूट करायचं तर कार्डावर यू अक्षराच्या आत ३ लिहिलेलं हवं, नुसतं क्लास १० चालत नाही. दोन गोष्टी मात्र खटकतात. एक तर मराठीत नाही, आणि आमच्याकडे लग्नाचं, भजनाचं, नाटकाचं शूटिंग करणारी इतकी मुलं आहेत की ती मराठीत असायलाच हवी होती. दुसरं म्हणजे ती शटर स्पीड, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड घ्यायचा तो, कसा बदलायचा ते सांगते, पण तुमच्या देवळातल्या लाइटला किती ठेवायचा ते तिला माहीत असणं शक्य नाही.

मग यूट्यूब. खूप काही आहे, चांगली माणसं मन लावून सांगतात, फुकट सांगतात, त्यांचे आभारच मानायला हवेत. पण झेडव्ही-ई१० वाल्यांनी एक लक्षात ठेवा, याचा मेनू सोनीचा जुना मेनू आहे, नंतरच्या मॉडेल्समध्ये मेनूची मांडणीच बदलली, मार्क टू चा पण वेगळा, त्यामुळे व्हिडिओत तो माणूस एक टॅब दाखवतो आणि आपल्या कॅमेऱ्यात ती नसतेच. सोनी ए६४०० चे व्हिडिओ शोधा, मेनू जवळपास सारखाच आहे आणि तो कॅमेरा २०१९ चा असल्याने मटेरियल भरपूर आहे. दुसरी अडचण जास्त मोठी आणि ती कोणी सांगतच नाही. बरेचसे गाजलेले चॅनल अमेरिकेतले, ते सांगतात फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं घ्यायची तो) ३० ठेवा, शटर १/६० ठेवा. तिकडे ते बरोबरच आहे कारण त्यांची वीज ६० हर्ट्झची. आपली ५० ची. ट्यूबलाइट आपल्याकडे सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते, डोळ्याला कळत नाही, पण शटर १/६० वर असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये तो उजेड सारखा पडत नाही आणि व्हिडिओत पट्टे फिरतात. घरात खिडकीच्या उजेडात सराव केला तर हे कधीच दिसत नाही, दिसतं ते थेट जत्रेत. भारतातले काही हिंदी आणि मराठी चॅनलवाले सुद्धा तिकडचंच ऐकून ३० आणि १/६० सांगतात, कमेंटमध्ये लोक विचारतात पट्टे का येतात, कोणी उत्तर देत नाही.

पैसे भरून एक ऑनलाइन कोर्स पण केला. नाव नको. सगळा भर सिनेमॅटिक लूकवर, एस-लॉगवर (मुद्दाम फिकं घेतलेलं चित्र, रंग नंतर चढवायचे) शूट करा मग कलर करा, समुद्रकिनारी स्लो मोशन करा. दिवसा उजेडात छान दिसत असेल पण हा कॅमेरा ८-बिट आहे, म्हणजे रंगांच्या छटा कमी साठवतो, रात्रीच्या कमी उजेडात लॉगवर घेतलं की अंधारात दाणे दाणे येतात आणि कलर करताना ओढलं की चेहऱ्याचा रंग तुटतो. शंका विचारायला ग्रुप होता, तिथे दशावतार म्हटल्यावर एकदोघांनी हार्ट टाकले, उत्तर आलं नाही. त्या पैशात जास्तीची बॅटरी आली असती.

आता ज्याच्यासाठी खरं हे लिहितेय तो, कुडाळच्या बाजूचा एक दादा. लग्नाची शूटिंग करतो, मिनी डीव्हीच्या कॅसेट होत्या तेव्हापासून करतोय. नाव-नंबर इथे टाकणार नाही, त्याला विचारल्याशिवाय बरं नाही, पण प्रत्येक तालुक्यात असा एक तरी माणूस असतोच, तुमच्याकडचा शोधा. मी कॅमेरा घेऊन गेले तर त्याने हातात पण घेतला नाही आधी. म्हणाला, "बाय, आधी माका सांग, थय लाइट कसली आसा?" मी म्हटलं ट्यूब, आणि दोन हॅलोजन. "बोर्डाची काय जनरेटरची?" हा प्रश्न मला दुकानात, गाइडमध्ये, कोर्समध्ये कुठेच कोणी विचारला नव्हता.

मग संध्याकाळी त्याने मला देवळातच बोलावलं, सभामंडपातल्या ट्यूब लावल्या आणि कॅमेरा ट्रायपॉडवर. शटर १/६० ला ठेवायला सांगितलं आणि म्हणाला त्या खांबाकडे बघ. स्क्रीनवर पांढऱ्या खांबावरून काळसर पट्टे हळूहळू वर सरकत होते. १/५० केलं आणि पट्टे विरले, खांब नुसता पांढरा. परत १/६०, परत पट्टे. मलाच डायल फिरवायला लावली, पाच मिनिटांत जे डोक्यात बसलं ते कुठल्याही व्हिडिओने बसलं नसतं. "तुका दिसता तसा कॅमेऱ्याक दिसणा नाय," एवढंच बोलला. जनरेटरचं वेगळं, लोड कमीजास्त झाला की तो नेमका ५० वर राहत नाही, त्यामुळे शटर बरोबर असूनही हलका पट्टा फिरू शकतो, तेव्हा ट्यूबच्या जवळची पांढरी भिंत फ्रेममधून बाहेर काढायची म्हणजे नजरेत येत नाही.

त्यानंतर कॅमेरा एनटीएससीवरून (अमेरिकेकडची व्हिडिओ पद्धत) पालवर (आपल्याकडची) आणायला लावला. दुकानात डेमोसाठी कोणी केला असेल, चालू करताना स्क्रीनवर एनटीएससीवर चालतोय असं येत होतं. बदलला की कार्ड परत फॉरमॅट करायला मागतो, म्हणून आधीचं सगळं काढून घ्या. पालवर २५ आणि ५० चे फ्रेम रेट मिळतात, २५ बरोबर १/५० शटर नीट जमतं. आणि अजून एक फायदा, जो त्याने टेपने जागा मोजून दाखवला, ४के मध्ये ३० वर हा कॅमेरा चित्र कडेने कापून १.२३ पट जवळचं घेतो, २५ वर पूर्ण घेतो. म्हणजे मांडवात पुढच्या रांगेत बसून अख्खा बाकडा आणि दोन्ही बाजूचे नट मावतात, ३० वर एकाचा हात बाहेर जातो. एका बदलात पट्टे पण गेले आणि जागा पण मिळाली.

झूमचं पण त्यानेच दाखवलं. एफचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडते आणि उजेड जास्त; किट लेन्स १६ वर एफ ३.५ देते पण ५० पर्यंत झूम केलं की एफ ५.६ च्या वर उघडतच नाही, त्यामुळे मॅन्युअलवर असताना राजाच्या चेहऱ्यावर झूम करत गेलं की चित्र हळूहळू काळवंडतं. त्याचा उपाय साधा, पहिल्यापासून ५.६ वरच ठेव आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, त्या हिशोबाने लाव, मग झूमभर उजेड एकसारखा. त्याच्या मते या कॅमेऱ्यात ३२०० पर्यंत बिनधास्त, ६४०० नाइलाजाने. पुढे पैसे झाले तर सिग्माची ३० एमएम एफ १.४ घे म्हणाला, ५.६ च्या तुलनेत १६ पट उजेड आत येतो, पण आधी एका रात्रीपुरती भाड्याने आणून बघ, कारण तिला झूम नाही आणि नाटकात बसल्या जागेवरून उठता येत नाही.

ऑटो का नको तेही दशावतारातच नीट कळतं. काळ्या वेषातला संकासुर फ्रेममध्ये आला की ऑटोला वाटतं अंधार झाला, तो सगळं उजळवतो आणि बाजूच्या भटजीचा चेहरा जळतो. संकासुर गेला आणि जरीचा मुकुट घातलेला राजा आला की उलट. म्हणून मॅन्युअल, आणि झेब्रा (जास्त उजळलेल्या जागी स्क्रीनवर रेघा दाखवणारं सेटिंग) लावून ठेवायचा, राजाच्या कपाळावर रेघा दिसल्या की आयएसओ एक घर खाली. फोकस ऑटोवरच चालतो, चांगला आहे, पण समोरून पोरं पळतात, चहावाला जातो, आणि फोकस त्यांच्या मागे जातो. मेनूत फोकसची संवेदनशीलता १ ते ५ आहे, ५ म्हणजे लगेच उडी मारणारा आणि १ म्हणजे चिकटून राहणारा, ती १ वर.

मग गणित घातलं वहीवर. ४के ६० एमबीपीएसने तासाला साधारण २७ जीबी, १०० ने ४५ जीबी. सहा तासांचं नाटक ६० ने धरलं तरी १६२ जीबी, म्हणजे १२८ चं कार्ड पहाटे दहीकाल्याच्या आधीच भरणार. आणि या कॅमेऱ्याचं कार्ड आणि बॅटरी दोन्हीचं दार खाली आहे, ट्रायपॉडची प्लेट लावली की ते उघडत नाही, म्हणजे ऐन युद्धाच्या प्रसंगात कार्ड बदलायचं तर कॅमेरा ट्रायपॉडवरून काढा. म्हणून २५६ चं एकच कार्ड. बॅटरी एनपी-एफडब्ल्यू५० छोटी आहे, सलग दोन तासांच्या आसपास जाते, म्हणून मेनूत यूएसबी पॉवर सप्लाय ऑन करून टाइप-सी ला पॉवर बँक, बॅटरी आत असू द्यायची. कॅमेरा तापून बंद पडू नये म्हणून तापमानाचं ऑटो पॉवर ऑफ हाय वर. या सगळ्या गोष्टी हेल्प गाइडमध्ये आहेत, एकेक पान करून आहेत, पण एका रात्रीच्या कामाला त्या सगळ्या एकत्र लागतात हे माणूसच सांगू शकतो.

शेवटी त्याने लाइट घालवल्या आणि अंधारात कॅमेरा हातात देऊन म्हणाला आयएसओ बदल, रेकॉर्ड चालू कर, आवाजाची लेव्हल उघड. बटन न बघता बोटाला सापडेपर्यंत सोडलं नाही. फंक्शनच्या मेनूत मला लागणाऱ्याच गोष्टी बसवून दिल्या, बाकीच्या काढून टाकल्या. पैसे बैठकीप्रमाणे घेतो, आधी सांगतो, आणि वाजवी वाटले. उणं सांगायचं तर एडिटिंग तो शिकवत नाही, कलरचं विचारलं तर टाळतो, आणि मालवणीत भरभर बोलतो त्यामुळे बाहेरच्या माणसाला दोनदा विचारावं लागेल. वही घेऊन जा, मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं त्याला आवडत नाही.

आवाजाच्या बाबतीत मात्र मदत वेगळ्याच माणसाची झाली, मांडवातला साउंडवाला. मी मिक्सरमधून सरळ कॅमेऱ्यात वायर घेणार होते, त्याने थांबवलं, मिक्सरचा आउट कॅमेऱ्याच्या माइकच्या भोकाला फार जोरात जातो, आवाज फाटणार. त्याने सिग्नल कमी करणारी वायर दिली, मी कॅमेऱ्यात रेकॉर्डिंग लेव्हल मॅन्युअल करून खाली आणली, हेडफोन लावून ऐकलं, आणि गायन मोठं झाल्यावरही काटा लालमध्ये जात नव्हता. मामाचं म्हणणं पडलं की मिक्सरमधून नटांचे संवाद छान येतात पण पखवाजाचा डावीकडचा, कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा येत नाही, त्यासाठी झूम एच१एन सारखा छोटा रेकॉर्डर त्याच्या बाजूला ठेवायचा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवायची म्हणजे नंतर दोन्ही आवाज जुळवता येतात. ऐकून बघितलं, खरंच फरक आहे. आणि कॅमेरा कुठे वळवायचा हे पण त्याच्याकडूनच, पखवाजाचा हात चढला की एंट्री आलीच समज, झूम मागे घे. हे कुठल्या ट्युटोरियलमध्ये असणार?

दोन बारीकसारीक. कार्ड कॉम्प्युटरला लावल्यावर व्हिडिओ डीसीआयएम फोल्डरमध्ये शोधू नका, तिथे फक्त फोटो असतात, व्हिडिओ प्रायव्हेट, मग एम४रूट, मग क्लिप या फोल्डरमध्ये असतात, अनेकांना वाटतं रेकॉर्डच झालं नाही आणि घाबरून फॉरमॅट मारतात. आणि नाटक नेटवर टाकण्याआधी मंडळाच्या मालकाला विचारा, त्यांचं पोट त्याच्यावर आहे.

तर कोणाला जवळपास असा दादा सापडला आणि शिकायला जायचं असेल तर पावसाळ्यात जा. तुळशीचं लग्न झालं की इकडे जत्रा सुरू होतात आणि तिकडे लग्नं, तेव्हा तो फोन पण उचलत नाही. जून-जुलैत मोकळा असतो, चहा पाजतो, तीन तास बसवतो.